राजांची नाटके, राजांचे इतिहास: जुन्या छापील आवृत्त्या वाचायला बसताना

शेक्सपिअरचे ‘रिचर्ड दुसरा’ तुम्ही आजच्या पेपरबॅकमध्ये वाचले असेल, तर चौथ्या अंकात राजा आपल्या हातांनी मुकुट उतरवून देतो तो प्रसंग लक्षात राहिला असणारच. १५९७ साली लंडनमध्ये ज्याने हे नाटक विकत घेतले, त्याला तो वाचायला मिळाला नाही. १५९८ मध्ये नाटक दोनदा पुन्हा छापले गेले, तेव्हाही नाही. प्रसंग पहिल्यांदा छापून आला तो १६०८ मध्ये, राणी एलिझाबेथ जाऊन पाच वर्षे झाल्यावर. आजची आवृत्ती हे सगळे प्रस्तावनेत किंवा एखाद्या तळटीपेत उरकते आणि मजकूर मात्र असा छापते, जणू तो पहिल्यापासून तसाच होता.

सोळाव्या-सतराव्या शतकातली इंग्लंडच्या राजांवरची नाटके आणि इतिहास मूळ छापील रूपात पाहायचे आहेत, पण कुठे हात घालावा ते कळत नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. या वाटेवर मी बराच काळ चाललो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की राजांवरच्या पुस्तकात काय गाळले गेले ते आधी शोधावे. ते दिसते फक्त दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्यावर. घरबसल्या, बहुतेक ठिकाणी पैसे न देता, हे करता येते.

सुरू करण्यापूर्वी एवढे जवळ असू द्या:

- मोठ्या पडद्याचा संगणक. मोबाइलवर दोन पाने शेजारी ठेवता येत नाहीत आणि डोळे दुखतात ते वेगळेच.
- नाटकाची आजची एखादी टीपांसह आवृत्ती. आर्डन, ऑक्सफर्ड, केंब्रिज यांपैकी कुठलीही चालेल. अंक, प्रवेश आणि ओळीचे क्रमांक तिच्यातूनच घ्यायचे, कारण जुन्या सुट्या आवृत्त्यांत ते सहसा नसतात.
- इंग्लंडच्या राजांची सनावळी, निदान तिसऱ्या एडवर्डपासून आठव्या हेन्रीपर्यंत.
- नोंदींसाठी वही किंवा स्प्रेडशीट. सुट्या चिठ्ठ्यांवर लिहू नका.

१. एकच राजा धरा

सगळे हेन्री एकदम घेतले की आठवडाभरात गोंधळ होतो. एक राजा घ्या आणि त्याच्यावरचे एक नाटक आणि दोन इतिहास, एवढ्यावर थांबा. या लेखात आपण रिचर्ड दुसरा धरू. त्याला १३९९ मध्ये गादीवरून उतरवले आणि हेन्री बोलिंगब्रोक चौथा हेन्री म्हणून बसला. राजाला पदच्युत करता येते का, हा प्रश्न या कथेच्या पोटातच आहे, त्यामुळे दोनशे वर्षांनंतरही ती छापणे जोखमीचे होते.

२. आवृत्त्यांची यादी आधी, वाचन नंतर

दोन शब्द समजून घ्या, मग पुढचे सोपे आहे. छापखान्यात कागदाचा मोठा ताव येतो. ताव एकदा दुमडला की दोन पाने होतात, तो फोलिओ. दोनदा दुमडला की चार, तो क्वार्टो. तीनदा दुमडला की आठ, तो ऑक्टाव्हो. सुटी नाटके बहुधा क्वार्टोत निघत आणि जाडजूड इतिहास फोलिओत. १६२३ मध्ये शेक्सपिअरची ३६ नाटके एकत्र फोलिओत छापली गेली. तोच पहिला फोलिओ.

यादी करण्यासाठी दोन साधने पुरतात. पहिले पोलार्ड आणि रेडग्रेव्ह यांची ‘शॉर्ट-टायटल कॅटलॉग’, म्हणजे एसटीसी. १४७५ ते १६४० या काळात इंग्लंडमध्ये छापलेल्या पुस्तकांना तिने क्रमांक दिले आहेत. तुमच्या वहीत प्रत्येक आवृत्तीपुढे हा क्रमांक हवाच: ‘रिचर्ड दुसरा’ची पहिली क्वार्टो २२३०७, पहिला फोलिओ २२२७३, हॉलिन्शेडच्या इतिहासाची १५८७ ची आवृत्ती १३५६९. दुसरे साधन ‘डीप’, म्हणजे इंग्रजी नाट्यपुस्तकांची माहितीसूची. नाटकाचे नाव टाकले की मुद्रक, प्रकाशक, शीर्षकपृष्ठावरचा मजकूर आणि नोंदणीची तारीख समोर येते. इतिहासग्रंथ मात्र तिथे सापडणार नाहीत, ते एसटीसीतच शोधायचे.

आपल्या राजाची यादी अशी होते. १५९७: व्हॅलेंटाइन सिम्सने अँड्र्यू वाइजसाठी छापलेली पहिली क्वार्टो, लेखकाचे नाव नाही. १५९८: आणखी दोन, आता शीर्षकपृष्ठावर शेक्सपिअरचे नाव आले. १६०८: मॅथ्यू लॉसाठी छापलेली चौथी, हिच्यात पदत्यागाचा प्रसंग. १६१५: पाचवी. १६२३: फोलिओ.

इथे नवखे हमखास घसरतात ते नोंदणीच्या तारखेवर. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीच्या, म्हणजे मुद्रक-प्रकाशकांच्या संघाच्या, वहीत या नाटकाची नोंद २९ ऑगस्ट १५९७ ची आहे. ही नोंद म्हणजे ‘हे पुस्तक छापण्याचा हक्क माझा’ असा प्रकाशकाचा दावा. त्या दिवशी पुस्तक छापून झाले किंवा नाटक तेव्हा लिहिले गेले, असा तिचा अर्थ लावू नका. नोंद होऊन कधीच न छापलेली पुस्तके आहेत, आणि नोंदीविना छापलेलीही आहेत.

३. शीर्षकपृष्ठ वाचा, पण त्याची साक्ष तपासून घ्या

त्या काळी शीर्षकपृष्ठ हीच जाहिरात होती. कोणत्या मंडळीने प्रयोग केला, दुकान कुठे, दुकानाची खूण कोणती, हे सगळे त्यावर असते. वाइजचे दुकान सेंट पॉल चर्चच्या आवारात होते आणि त्याची खूण होती देवदूत. दुकानांना क्रमांक नसत, पाट्यांवरच्या चित्रांवरून ती ओळखली जात.

१६०८ च्या ‘रिचर्ड दुसरा’ची शीर्षकपृष्ठे दोन प्रकारची आहेत. काही प्रतींवर जुनाच मजकूर आहे. काहींवर ‘पार्लमेंटचा प्रवेश आणि राजा रिचर्डला पदच्युत करणे यांची नवी भर’ अशी जाहिरात आहे. आतला मजकूर तोच. विक्रीचा मुद्दा मध्येच कुणाच्या तरी ध्यानात आला असावा.

नावांवर जाऊ नका. ‘राजा जॉनची त्रस्त कारकीर्द’ हे नाटक १५९१ मध्ये निनावी छापले गेले. १६११ मध्ये त्यावर ‘डब्ल्यू. शे.’ अशी आद्याक्षरे आली आणि १६२२ मध्ये चक्क शेक्सपिअरचे नाव. शेक्सपिअरचे ‘राजा जॉन’ वेगळे आहे आणि ते १६२३ पर्यंत छापलेलेच नव्हते. लिअरचेही असेच: १६०५ चे निनावी ‘राजा लिअर’ आणि १६०८ चे शेक्सपिअरचे, दोन स्वतंत्र नाटके. शोधपेटीत नुसते ‘लिअर’ टाकणाऱ्याच्या हाती कोणते लागेल सांगता येत नाही.

सालावर तर मुळीच भरवसा ठेवू नका. १६१९ मध्ये विल्यम जॅगर्डच्या छापखान्यात टॉमस पेव्हिअरसाठी दहा नाटके छापली गेली आणि त्यांतल्या काहींवर मुद्दाम १६०० किंवा १६०८ असे जुने साल घातले. पाचव्या हेन्रीवरचे नाटक आणि लिअर त्यांत आहेत. जवळजवळ तीनशे वर्षे लोक फसत राहिले. १९०८ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी कागदातली जलचिन्हे तपासली, तेव्हा वेगवेगळी साले सांगणारी ही पुस्तके एकाच कागदसाठ्यातून निघाल्याचे दिसले. दोन वर्षांनी विल्यम नायडिग यांनी शीर्षकपृष्ठांची छायाचित्रे घेऊन जुळवणी ताडून पाहिली. एका पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ छापून झाल्यावर त्यातले काही खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जागची न हलवता पुढच्या पुस्तकासाठी वापरले होते. वीस वर्षांच्या अंतराने छापलेल्या पुस्तकांत हे कसे घडेल?

लिअरच्या दोन ‘१६०८’ ओळखायला सोपी खूण आहे. खऱ्या १६०८ च्या प्रतीवर नॅथॅनिएल बटरच्या दुकानाचा पूर्ण पत्ता आहे, पाटीवरच्या कबऱ्या बैलासकट. १६१९ च्या प्रतीवर बटरचे नाव आणि साल, पण पत्ता नाही.

सालाबद्दल एक बारीक गोष्ट राहिली. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या हस्तलिखित नोंदी आजच्या हिशेबाने एका वर्षाने मागे दिसतात. राणी एलिझाबेथ २४ मार्च १६०३ ला वारली, पण तेव्हाच्या दप्तरी हिशेबात ते १६०२ च होते.

४. चित्रप्रत कोठून घ्यावी

तीन प्रकारच्या गोष्टी तुमच्या समोर येतील आणि तिन्हींची किंमत सारखी नाही.

मूळ पानांची रंगीत छायाचित्रे सर्वांत चांगली. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाचा पहिला फोलिओ आणि ‘शेक्सपिअर डॉक्युमेंटेड’ ही ठिकाणे आधी पाहा. या शेवटच्या ठिकाणी स्टेशनर्स कंपनीच्या वहीतल्या नोंदींचीही छायाचित्रे आहेत. कोणत्या ग्रंथालयात कोणती प्रत उरली आहे ते ‘शेक्सपिअर सेन्सस’ सांगते.

‘ईबो’ या जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहातली चित्रे जुन्या मायक्रोफिल्मवरून घेतलेली, काळी-पांढरी. वर्गणीदार विद्यापीठांतूनच ती उघडतात. मात्र त्याच पुस्तकांचा हाताने टंकलेला मजकूर, ईबो-टीसीपी, सर्वांना खुला आहे. पहिला हप्ता १ जानेवारी २०१५ ला खुला झाला, २५,००० हून अधिक पुस्तकांचा. शब्द शोधायला याच्यासारखे दुसरे काही नाही. पण लक्षात घ्या, हा मजकूर एका आवृत्तीच्या एका प्रतीवरून टंकलेला आहे आणि जिथे फिल्म अस्पष्ट होती तिथे त्यात रिकाम्या जागा आहेत. उद्धृत करण्यापूर्वी चित्र पाहावेच लागते.

तिसरा प्रकार एकोणिसाव्या शतकातल्या प्रतिकृतींचा. ग्रिग्ज आणि प्रेटोरियस यांनी १८८० च्या दशकात छायाचित्रणाने केलेल्या क्वार्टोंच्या प्रतिकृती इंटरनेट अर्काइव्हवर सहज मिळतात आणि कामचलाऊ म्हणून ठीक आहेत. त्याआधीच्या अॅशबीच्या प्रतिकृती हाताने गिरवलेल्या आहेत, त्यांच्यावरून एकही अक्षर सिद्ध करायला जाऊ नका.

प्रत कोणतीही असो, ती जोडून तयार केलेली नाही ना, हे ग्रंथालयाच्या वर्णनात बघा. एकोणिसाव्या शतकात फाटक्या प्रतीत दुसऱ्या प्रतीची पाने घालून ती ‘पूर्ण’ करत. काही पाने तर कुशल हातांनी लेखणीने काढलेली असत, छापील वाटतील इतकी हुबेहूब. समासातल्या हस्ताक्षरालाही भुलू नका. जॉन पेन कॉलिअर यांनी १८५२ मध्ये दुसऱ्या फोलिओच्या एका प्रतीतल्या ‘जुन्या’ दुरुस्त्या मोठ्या थाटात जाहीर केल्या. काही वर्षांतच ब्रिटिश म्युझियममधल्या तज्ज्ञांनी त्या बनावट ठरवल्या.

५. अक्षरांची सवय

पहिले दोन दिवस चिडचिड होते, मग डोळा बसतो. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येणारा लांब एस हा एफसारखा दिसतो, पण त्याची आडवी रेघ अर्धीच असते किंवा नसतेच. यू आणि व्ही हे एकच अक्षर मानत: शब्दाच्या आरंभी व्ही, आत यू. आय आणि जे यांचेही तसेच. डब्ल्यूचे खिळे संपले की दोन व्ही शेजारी लावत. स्वरावर आडवी रेघ दिसली तर पुढचा एन किंवा एम गाळला आहे असे समजा. ओळ जागेत बसवायला जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे कामगार, हे करत. त्याच कारणाने एकच शब्द एका पानावर दोन तऱ्हांनी लिहिलेला आढळेल, त्यात गूढ शोधू नका.

नाटके रोमन वळणात छापलेली असतात, ती लवकर वाचता येतात. हॉलिन्शेड आणि हॉल यांचे इतिहास ब्लॅकलेटर वळणात आहेत: जाड, टोकदार, दाट. माझा सल्ला असा की आधी टीसीपीचा मजकूर शेजारी उघडा ठेवून एक पान मोठ्याने वाचा. दहाएक पाने झाली की आधार लागत नाही.

६. फर्मे मोजा

या पायरीला लोक कंटाळतात, पण हिच्याशिवाय पाने गाळली की वाढवली ते कळत नाही.

क्वार्टो नाटकांत पृष्ठक्रमांक बहुधा नसतात. त्याऐवजी पानाच्या तळाशी अक्षर आणि आकडा असतो: ए-२, ए-३, मग बी-१. एक अक्षर म्हणजे एक फर्मा, क्वार्टोत चार पानांचा. पानाच्या दोन बाजू, सुलटी आणि उलटी. अक्षरमालेत तेवीसच अक्षरे धरतात, जे नाही, यू-व्ही मिळून एक, डब्ल्यू नाही. म्हणून आय नंतर सरळ के आला तर पान हरवले म्हणून घाबरू नका. वर्णनात ‘ए ते आय चार-चार, के दोन’ असे सूत्र दिसले, तर नऊ चोक छत्तीस आणि दोन, एकूण अडतीस पाने.

पानाच्या तळाला उजवीकडे पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो. तो पुढच्या पानाशी जुळला नाही तर थांबा. मध्ये काहीतरी घडले आहे.

याचा सुरेख नमुना ‘चौथा हेन्री, भाग दुसरा’च्या १६०० च्या क्वार्टोत आहे. काही प्रतींत ई फर्मा चार पानांचा आहे, काहींत सहा पानांचा. छापताना तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश, म्हणजे झोप न येणारा राजा मुकुटाच्या ओझ्याबद्दल बोलतो तो, राहून गेला होता. नंतर तो घालण्यासाठी फर्म्याचा काही भाग पुन्हा जुळवला आणि दोन पाने वाढवली. तुम्ही उघडलेली प्रत यांतली कोणती, हे ई फर्म्याची पाने मोजल्याशिवाय कळणार नाही.

आकाराबद्दल शंका असेल तर रंगीत चित्रात कागदातल्या विरळ समांतर रेषा पाहा. फोलिओत त्या उभ्या असतात, क्वार्टोत आडव्या, ऑक्टाव्होत पुन्हा उभ्या. १५९५ चे ‘यॉर्कचा ड्यूक रिचर्ड याची खरी शोकांतिका’ बाकी नाटकांच्या रांगेत क्वार्टो म्हणून खपून जाते, पण ते ऑक्टाव्हो आहे.

७. आता इतिहास शेजारी ठेवा

राफेल हॉलिन्शेडचा ‘क्रॉनिकल्स’ हा आपल्या बखरींना जवळचा, फक्त प्रचंड. वर्षावार चालतो, एका घटनेच्या दोन-तीन हकिकती देतो आणि मध्येच शकुन-अपशकुन सांगतो. १५७७ ची पहिली आवृत्ती लाकडी ठशांच्या चित्रांनी भरलेली आहे. १५८७ ची दुसरी चित्रांविना, पण मजकुराने वाढलेली. तेव्हा हॉलिन्शेड हयात नव्हता, अब्राहम फ्लेमिंग वगैरे मंडळींनी ती सिद्ध केली. ऑक्सफर्डच्या हॉलिन्शेड प्रकल्पात दोन्हींचा मजकूर समोरासमोर ठेवलेला मिळतो, तिथूनच सुरुवात करा.

शेक्सपिअरने यांतली कोणती वापरली? ‘रिचर्ड दुसरा’च्या दुसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात वेल्श कप्तान सांगतो की आमच्या देशातली बे झाडे सगळी वाळली आहेत, राजा मेलाच असणार. लॉरेल जातीची ही सदाहरित झाडे देशभर वाळल्याची नोंद हॉलिन्शेडच्या १५८७ च्या आवृत्तीत आहे. १५७७ मध्ये ती ओळ नाही. दोन आवृत्त्या समोर ठेवून हे स्वतः पाहा. एका झाडावरून लेखकाच्या टेबलावर कोणते पुस्तक उघडे होते ते कळते. शिवाय हॉलिन्शेडच्या त्या नोंदीत वाळलेली झाडे पुढे पुन्हा हिरवी झाल्याचेही आहे. नाटकात तेवढे सोडून दिले आहे.

एडवर्ड हॉलचा इतिहास १५४८ चा, त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड ग्राफ्टनने छापलेला. लँकेस्टर आणि यॉर्क ही दोन घराणी शेवटी एक झाली, असा त्याचा सूर. त्याचा आरंभ बोलिंगब्रोक आणि मोब्रे या सरदारांच्या भांडणापासून होतो, आणि नाटकाचाही तिथूनच. रिचर्डच्या आधीच्या वर्षांसाठी मात्र हॉल उघडून उपयोग नाही.

नाटक, इतिहासग्रंथ आणि घडलेली गोष्ट यांचे तीन रकाने करा. पदत्यागाची ओळ भरताना फरक डोळ्यांत भरतो: रिचर्डने २९ सप्टेंबर १३९९ ला लंडनच्या टॉवर या किल्ल्यात राज्यत्याग केला आणि दुसऱ्या दिवशी वेस्टमिन्स्टरला सभा भरली तेव्हा तो तिथे नव्हता. नाटकात त्याला सभेत आणून उभे केले आहे. भर सभेत राजाच्या हातून मुकुट जातो, हे दृश्य शेक्सपिअरने रचले, आणि छापताना गायब राहिले तेही हेच.

८. गाळलेले कसे शोधावे

इथवरची सगळी मेहनत यासाठी होती.

१५९७ ची क्वार्टो आणि १६२३ चा फोलिओ शेजारी उघडा आणि चौथ्या अंकाचा पार्लमेंटचा प्रवेश काढा. फोलिओत असलेल्या सुमारे १६० ओळी क्वार्टोत नाहीत. आता जिथे कात्री लागली असेल त्याच्या पुढच्या ओळी वाचा. प्रवेश संपता संपता वेस्टमिन्स्टरचा मठाधिपती म्हणतो, काय दुःखाचा सोहळा पाहिला आपण इथे! ही ओळ १५९७ मध्येही आहे. पण त्या आवृत्तीत रिचर्ड रंगमंचावर आलेलाच नाही, मग सोहळा कोणता पाहिला? काहींच्या मते प्रवेश नंतर लिहून जोडला आणि मठाधिपतीला त्याच प्रवेशात झालेल्या कार्लाइलच्या बिशपच्या अटकेचे दुःख झाले असावे. मला हे पटत नाही, ‘पाहिला’ म्हणण्यासारखे तिथे फारसे काही उरत नाही. पण प्रवेश कापल्याचा कागदोपत्री पुरावा नाही, तेव्हा वहीत ‘कापला असावा’ असेच लिहा. आणखी एक: १६०८ च्या क्वार्टोतला या प्रसंगाचा पाठ लंगडा आहे, ओळी तुटलेल्या. उद्धृत करायचा तर फोलिओतला घ्या आणि तसे नमूद करा.

भोवतालची साले मांडली की संशय कुठून येतो ते कळते. १५९९ मध्ये जॉन हेवर्डचा चौथ्या हेन्रीच्या कारकिर्दीचा इतिहास निघाला. नाव हेन्रीचे, पण पुस्तकाचा मोठा भाग रिचर्डच्या पाडावाचा, आणि अर्पण एसेक्सच्या अर्लला. अर्पणपत्रिका कापून टाकायचा हुकूम झाला, दुसरी आवृत्ती जाळली गेली आणि पुढे हेवर्ड टॉवरमध्ये कैद झाला. १५९९ मध्येच १ जूनला निघालेल्या बिशपांच्या हुकुमात इंग्लंडचे इतिहास प्रिव्ही कौन्सिलमधल्या, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळातल्या, कुणाच्या परवानगीशिवाय छापू नयेत असे कलम होते. ७ फेब्रुवारी १६०१ ला एसेक्सच्या माणसांनी नटमंडळीला चाळीस शिलिंग जादा देऊन रिचर्डच्या पदच्युतीचे नाटक करवले, दुसऱ्या दिवशी त्यांचे राणीविरुद्धचे बंड फसले, त्याच महिन्यात एसेक्सचे डोके उडाले. हेवर्डची प्रत पाहताना अर्पणपत्रिका आहे की नाही ते पहिल्यांदा बघा, आणि सालावर विसंबू नका: १५९९ असे छापलेल्या काही प्रती नंतरच्या आहेत.

हॉलिन्शेडलाही कात्री लागली, पण वेगळ्या जागी. १५८७ च्या फेब्रुवारीत प्रिव्ही कौन्सिलने विक्री थांबवून पुस्तक तपासायला लावले आणि बरीच पाने काढून नवी घालायला लागली. ती सगळी अलीकडच्या, म्हणजे १५८० च्या दशकापर्यंतच्या घडामोडींची: स्कॉटलंड, नेदरलँड्समधली लेस्टरच्या अर्लची कामगिरी, राणीला मारण्याचा बॅबिंग्टनचा कट. रिचर्डची हकिकत शाबूत राहिली. त्यामुळे रिचर्डच्या भागात कापाकापी शोधत बसू नका. शेवटच्या भागात मात्र पृष्ठक्रमांक उड्या मारतात का ते पाहा. काही प्रतींत जुनी पाने टिकून आहेत, आणि १७२३ मध्ये ती गाळलेली पाने वेगळी छापून विकलीही गेली. अठराव्या शतकातल्या हौशी लोकांनी ती आपल्या प्रतींत शिवून घेतली. म्हणून ‘पूर्ण’ हॉलिन्शेड दिसला की कागद एकसारखा आहे का, हे आधी तपासा.

आवृत्ती कोणती हे कळले तरी प्रत कोणती हा प्रश्न राहतोच. तेव्हा छपाई चालू असतानाच चुका दुरुस्त करत आणि आधी छापलेले ताव फेकून देत नसत, कागद महाग होता. मग दुरुस्त आणि बेदुरुस्त ताव मिसळून पुस्तके शिवली जात. १६०८ च्या लिअरच्या उरलेल्या प्रतींत हे इतके आहे की दोन प्रती तंतोतंत जुळण्याची आशा सोडावी. फोल्जरमधल्या पहिल्या फोलिओंची अशी ओळ-ओळ तुलना चार्लटन हिनमन यांनी केली, त्यासाठी दोन प्रतींची पाने एकावर एक आलटून पालटून दाखवणारे यंत्रच त्यांनी बनवले. फरक असलेली जागा त्या यंत्रात लुकलुकत असे. संगणकावर दोन चित्रे एकाच मापाची करून झपझप बदलत राहिलात तर तोच परिणाम साधतो.

९. नोंद कशी लिहावी

प्रत्येक नोंदीत नाटक किंवा ग्रंथ, साल, एसटीसी क्रमांक, ग्रंथालय आणि तिथला क्रमांक, फर्मा-पान-बाजू, आणि चित्र पाहिले की टंकलेला मजकूर, हे सगळे हवे. साल खोटे असेल तर ‘१६०८ छापलेले, प्रत्यक्षात १६१९’ असे दोन्ही लिहा. वर्णविन्यास जसाच्या तसा उतरवा, लांब एस साधा केला तर वहीच्या पहिल्या पानावर तसे एकदा सांगून ठेवा. आजच्या आवृत्तीचा ओळक्रमांक शेवटी.

१०. प्रत्यक्ष ग्रंथालयात जायचे ठरले तर

आधी खरोखर गरज आहे का ते बघा. कागदातल्या रेषा, जलचिन्हे, नंतर घातलेली पाने यांसाठी प्रत हातात लागते. मजकुरासाठी लागत नाही, आणि पहिल्या फोलिओसारख्या पुस्तकाबाबत तुम्हाला आधी प्रतिकृतीच पुढे करतील. ब्रिटिश लायब्ररीत किंवा फोल्जरमध्ये वाचक म्हणून नाव नोंदवावे लागते: ओळख आणि पत्ता यांचे पुरावे, काय पाहायचे त्याची नेमकी यादी, आणि खास परवानगी लागणाऱ्या पुस्तकांसाठी आधी पत्रव्यवहार. यादीत नुसते नाव न देता प्रतीचा क्रमांक द्या, कारण एकाच आवृत्तीच्या अनेक प्रती असू शकतात.

आत फक्त पेन्सिल. पिशवी, कोट, पाण्याची बाटली बाहेर. पुस्तक फोमच्या उशीवर ठेवायचे, सपाट उघडायचे नाही. सिनेमात दाखवतात तसे पांढरे हातमोजे कुणी देत नाही, त्यांनी पान फाटण्याचा धोका वाढतो; हात धुऊन कोरडे केले की पुरते. जलचिन्ह पाहण्यासाठी पातळ प्रकाशपत्रा मिळतो का ते विचारा. छायाचित्रे घ्यायची परवानगी असेल, तर पहिले चित्र मागणीपत्राचे काढा, म्हणजे घरी आल्यावर कोणती चित्रे कोणत्या प्रतीची ते कळेल.

रिचर्ड आटोपल्यावर पाचवा हेन्री घ्या. १६०० ची त्याची क्वार्टो फोलिओच्या जेमतेम निम्म्या लांबीची आहे आणि प्रत्येक अंकाआधी येणारे सूत्रधाराचे निवेदन तिच्यात मुळातच नाही.